स्वस्त मोटार, महाग मालकी

२०२५ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक वरिष्ठ लिपिक मधल्या सुटीत एक कागद घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले. दिल्लीत नोंदविलेली, २०१७ सालची, एका नामांकित परदेशी बनावटीची डिझेलवर चालणारी आलिशान सेडान जिल्ह्याच्या गावी विक्रीस आली होती. नवी असताना तिची किंमत सुमारे ४५ लाख रुपये. आता मागणी साडेनऊ लाखांची. तेवढी रक्कम त्यांच्याजवळ होती. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली काही आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवीत गुंतविलेली काही, अशी ती जमत होती. "सर, आपण अर्थशास्त्र शिकविता. घ्यावी काय, एवढेच सांगा," असे ते म्हणाले. निघताना आणखी एक वाक्य बोलले: "वडिलांनी अठ्ठावीस वर्षे साहेबांची गाडी चालविली. मागच्या आसनावर ते एकदाही बसले नाहीत."

हे वाक्य ऐकल्यानंतर "अंथरूण पाहून पाय पसरावे" हा ठेवणीतला उपदेश करण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. मध्यमवर्गाच्या हौसेस चैन म्हणून हिणविणे सोपे असते. त्या हौसेमागे दोन पिढ्यांचा इतिहास उभा असतो, याचा विसर पडणे त्याहून सोपे असते. म्हणून प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे न देता आम्ही तो उलटून विचारला: पंचेचाळीस लाखांची वस्तू आठ वर्षांत साडेनऊ लाखांवर का येते? वस्तूची किंमत उतरली म्हणजे तिचा भार उतरला, असे समजावयाचे काय? या प्रश्नाचा माग घेत गेलो, तेव्हा एका मोटारीच्या सौद्यातून देशाचे करधोरण, इंधनधोरण आणि प्रदूषणधोरण यांचे दर्शन घडले. तीच हकिकत येथे मांडीत आहोत.

पहिला मालक आणि सरकारी तिजोरी

या वर्गातील मोटारींचा पहिला ग्राहक पुष्कळदा व्यक्ती नसते. ती कंपनी किंवा व्यावसायिक संस्था असते. याचे कारण प्राप्तिकराच्या व्यवस्थेत आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मोटारीवर दरसाल उरलेल्या मूल्याच्या १५ टक्के घसारा खर्च म्हणून दाखविता येतो. ४५ लाखांच्या मोटारीवर पहिल्याच वर्षी पावणेसात लाख आणि पाच वर्षांत मिळून सुमारे २५ लाख रुपये नफ्यातून वजा होतात. कराचा दर २५ टक्के धरला, तर करापोटी वाचणारी रक्कम सव्वासहा लाखांच्या घरात जाते. कर्जावरील व्याज आणि विम्याचा हप्ता हेही खर्चातच पडतात. साहजिकच चार-पाच वर्षांनी, दुरुस्तीचा काळ सुरू होण्याच्या सुमारास, जुनी मोटार काढून नवी घेणे हा अशा मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार ठरतो. मोटारीच्या आयुष्यातील सुखाची वर्षे तो उपभोगतो आणि त्या उपभोगाच्या खर्चाचा काही वाटा तुमची-आमची तिजोरी उचलते.

ही सवलत अपरिहार्य आहे, असेही नव्हे. ३१ मार्च १९६७ नंतर आणि १ मार्च १९७५ पूर्वी खरेदी केलेल्या मोटारींच्या बाबतीत २५ हजार रुपयांवरील किंमत घसाऱ्यासाठी विचारात घेऊ नये, अशी तरतूद प्राप्तिकर कायद्यात होती. धंद्यासाठी मोटार लागते हे मान्य. पण धंद्यासाठी ऐश्वर्य लागत नाही, हे तत्त्व त्या तरतुदीत होते. पुढे ती मर्यादा राहिली नाही.

दुसरे कारण डिझेलचे. डिझेल हे मालमोटारींचे, एस.टी.चे, शेतकऱ्याच्या पंपाचे आणि ट्रॅक्टरचे इंधन. ते महागले तर भाजीपाल्यापासून प्रवासापर्यंत सारेच महागते, म्हणून सरकारने त्याचा भाव दीर्घकाळ दाबून ठेवला. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले. डिझेलवरील नियंत्रण मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. एका लिटरमागे बत्तीस रुपयांची ही दरी पाहून मोटार-उद्योगाने आणि श्रीमंत ग्राहकाने जे करावयाचे तेच केले. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. गरिबाच्या पंपासाठी ठेवलेले स्वस्त इंधन श्रीमंताच्या आलिशान मोटारीच्या टाकीत जाऊ लागले.

यातील विसंगती जानेवारी २०१३ मध्ये तर कळसास पोहोचली. घाऊक ग्राहकांस बाजारभावाने डिझेल देण्याचे सरकारने ठरविले. त्यात राज्यांची परिवहन महामंडळे आली. किरकोळ पंपावरील भाव मात्र दरमहा काही पैशांनीच वाढवावयाचे ठरले. परिणाम असा झाला की, खेड्यापाड्यांतील उतारूंना घेऊन जाणाऱ्या बसला लिटरमागे सुमारे दहा रुपये अधिक मोजावे लागले आणि आलिशान मोटारीच्या मालकास सवलतीचे डिझेल मिळत राहिले. अनेक महामंडळांनी आपल्या गाड्या रस्त्यावरील किरकोळ पंपांकडे वळविल्या, यात नवल नव्हते.

आता ती दरी राहिलेली नाही. २०२५ साली मुंबईत पेट्रोल १०३-१०४ रुपये, तर डिझेल ९० रुपयांच्या आसपास होते. म्हणजे डिझेलच्या आलिशान मोटारीस जन्म देणारे आर्थिक कारण नाहीसे झाले. मागे उरल्या त्या मोटारी. प्रदूषणाचे 'भारत स्टेज-६' मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बनविणे सोडून दिले; स्कोडा, फोक्सवॅगन आणि औडी यांनीही त्या वेळी भारतात केवळ पेट्रोलची वाट धरली. ज्या यंत्राचे नवे उत्पादनच थांबते, त्याचे सुटे भाग आणि त्यात पारंगत असलेले कारागीर हेही कालांतराने दुर्मिळ होतात. स्वस्ताईचा एक पदर येथे उलगडतो.

दिल्लीचा निर्णय आणि गल्लीतला बाजार

दुसरा पदर दिल्लीचा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांस राजधानी परिसरात बंदी करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन हजार घनसेंटीमीटर व त्यावरील क्षमतेच्या डिझेल मोटारींची नोंदणीच तेथे थांबविली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण आकार घेऊन ती पुन्हा खुली केली. दहा वर्षांच्या मर्यादेवर ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. पुढे १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा वाहनांस पंपावर इंधनच द्यावयाचे नाही, असा हुकूम निघाला. अवघ्या काही दिवसांत तो पुढे ढकलावा लागला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वय झाले म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. आणि १७ डिसेंबरला हे संरक्षण 'भारत स्टेज-४' व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरतेच असल्याचे स्पष्ट केले.

या तारखांची जंत्री देण्याचे कारण एवढेच की, दहा वर्षांच्या अवधीत एकाच वस्तूचे कायदेशीर आयुष्य किती वेळा बदलले, हे ध्यानी यावे. अर्थशास्त्रात टिकाऊ वस्तूची किंमत म्हणजे तिच्यापासून पुढे मिळणाऱ्या सेवांचे आजचे मूल्य होय. पुढील वर्षे किती, हेच जेथे अनिश्चित, तेथे किंमत कोसळणारच. दिल्लीचा मालक गाडी बाहेरच्या राज्यात विकून मोकळा होतो. ना-हरकत दाखल्यासह ती नाशिक, सांगली, लातूर, अकोला अशा गावी येते. २०२५ च्या जुलैत घाबरून कवडीमोलाने गाडी विकलेल्या मालकास डिसेंबरात कळले असेल की, घाई करण्याचे कारण नव्हते. आणि 'दिल्लीत हिचे आयुष्य संपते, म्हणून एवढी स्वस्त' असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे होते.

तथापि महाराष्ट्रातील ग्राहकाने आपण निर्धास्त आहोत, असे मानू नये. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची गंभीर दखल घेतली. त्यानंतर राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलची वाहने बंद करणे शक्य आहे काय, याचा अभ्यास करण्यासाठी सात सदस्यांची समिती नेमली. त्याआधी २०२३ मध्ये केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या सल्लागार समितीने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांतून २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी गाड्या हद्दपार कराव्यात, अशी शिफारस केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी डिझेल वाहनांवर दहा टक्के जादा कराची भाषा केली आणि असा प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासाही त्याच दिवशी केला. या साऱ्यांतून उद्या काय होईल हे सांगता येत नाही. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे समजावयास ज्योतिषी नको.

बैलबाजार बरा

आता बाजाराकडे वळू. आपल्याकडील बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत आहे. भाव गुप्त, पण बैल उघडा! त्याचे दात पाहावेत, खूर पाहावेत, चालवून पाहावा, औताला जुंपून पाहावा. जुन्या मोटारींच्या बाजारात नेमके उलट असते. भाव काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आणि बैल मात्र उपरण्याखाली.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली लिहिलेल्या एका निबंधात जुन्या मोटारींचा हाच बाजार उदाहरणादाखल घेतला. सदोष मोटारीस अमेरिकन बोलीत 'लेमन' म्हणतात. कोणती मोटार सदोष, हे विक्रेत्यास ठाऊक असते, ग्राहकास नसते. म्हणून ग्राहक चांगल्या व वाईट मोटारींच्या सरासरीइतकीच किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो. सरासरी आणखी घसरते, पुन्हा त्यातल्या त्यात बऱ्या गाड्या बाहेर पडतात आणि शेवटी बाजारात उरतात त्या बहुतांशी 'लेमन'. या विचारासाठी अकरलॉफ यांस २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात हा सिद्धांत आम्ही दरवर्षी शिकवितो. तो आपल्याच कार्यालयाच्या दाराशी चार चाकांवर येऊन उभा राहील, अशी मात्र कल्पना नव्हती.

डिझेलच्या आलिशान मोटारीत हे अज्ञान अधिक खोल असते. तिच्या इंजिनात इंधन प्रचंड दाबाने फवारले जाते; फवारणी करणारे इंजेक्टर आणि त्यांना दाब पुरविणारा पंप हे अतिशय सूक्ष्म मापाचे भाग असतात आणि भेसळीचे किंवा पाणीमिश्रित डिझेल त्यांना सोसत नाही. धुराच्या झोतावर फिरणारा टर्बो असतो. ज्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते, तिला साफ होण्यासाठी अधूनमधून महामार्गावर दीर्घकाळ धावावे लागते. घर ते शाळा, शाळा ते मंडई अशा चार-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत ती तुंबते. आपोआप दात बदलणारी गिअरपेटी, हवेच्या फुग्यांवर तोललेली आसने-चाके, असंख्य विद्युत-नियंत्रक या साऱ्यांची प्रकृती रंगरंगोटीवरून आणि दहा मिनिटांच्या फेरफटक्यावरून कळत नाही. धावलेल्या अंतराचा आकडा मागे फिरविणारे कारागीरही गावोगाव आहेत.

हिशेब मांडून पाहता

आमच्या लिपिक-मित्रांसमवेत आम्ही कागदावर हिशेब मांडला. त्यातील काही आकडे गृहीत धरलेले आहेत. वाचकांनी आपापल्या परिस्थितीनुसार ते बदलावेत. हिशेबाची रीत मात्र तीच ठेवावी.

समजा, गाडी साडेनऊ लाखांस घेतली, पाच वर्षे वापरली आणि तीन लाखांस विकली. म्हणजे साडेसहा लाखांची झीज; वर्षाला १ लाख ३० हजार. गुंतविलेले साडेनऊ लाख ठेवीत राहते तर सात टक्क्यांनी ६६ हजार ५०० रुपये व्याज आले असते, ते बुडाले. विम्यास ४० हजार धरू. देखभाल व दुरुस्तीचा अंदाज आजच्या किमतीवरून करणे, ही ग्राहकाची सर्वांत मोठी चूक असते. गाडी साडेनऊ लाखांची झाली म्हणून तिचा इंजेक्टर, तिचे टायर, तिचा दिवा हे काही साडेनऊ लाखांच्या गाडीचे होत नाहीत; ते पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून मूळ किमतीच्या अवघे दोन टक्के धरले, तरी वर्षाला ९० हजार झाले. वर्षाला दहा हजार किलोमीटर धाव आणि लिटरला चौदा किलोमीटर असे मानल्यास सुमारे ७१५ लिटर डिझेल, म्हणजे ६४ हजार रुपये. एकूण बेरीज ३ लाख ९० हजार ५०० रुपये; महिन्यास साडेबत्तीस हजार; प्रत्येक किलोमीटरला ३९ रुपये. यापेक्षा बऱ्याच कमी दरात चालकासह भाड्याची मोटार मिळते.

डिझेलची बचत खोटी नाही. त्याच गाडीचे पेट्रोल इंजिन लिटरला दहा किलोमीटर देईल असे मानले, तर वर्षाला सुमारे एक लाख चार हजारांचे पेट्रोल लागेल. म्हणजे डिझेलमुळे चाळीस हजार वाचतात. परंतु इंजेक्टर, टर्बो वा गिअरपेटी यांपैकी एकाचे मोठे दुखणे दोन-तीन वर्षांची ही बचत एका आठवड्यात खाऊन टाकू शकते. आणि लिटरला अठरा किलोमीटर देणाऱ्या साध्या पेट्रोल मोटारीशी तुलना केली, तर तिचा इंधनखर्च ५८ हजारांच्या आसपास येतो. म्हणजे डिझेल असूनही आलिशान गाडीच महाग पडते.

हिशेबात न धरलेल्या गोष्टी वेगळ्याच. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची, तर येथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरील नव्या डिझेल मोटारीस एकरकमी कराचा दर १५ टक्के आहे. जुन्या गाडीस वयानुसार तो भार कमी होतो, पण चुकत नाही. पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मिळविणे हा एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. विम्याचेही तसेच. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल, तर साध्या पॉलिसीत अपघातानंतर बदललेल्या धातूच्या भागांच्या किमतीतून ४० टक्के घसारा कापला जातो. दहा वर्षांनंतर ५० टक्के. रबरी व प्लॅस्टिकच्या भागांवर तो वय कितीही असले तरी ५० टक्के असतो. जुन्या मोटारीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा सामान्यतः अधिक असतो.

नव्या मोटारींच्या किमती उतरल्या की जुन्यांच्याही उतरतात, हेही विसरता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर अधिभारासह ४८ ते ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. जुलैत साडेनऊ लाखांस घेतलेल्या गाडीची किंमत सप्टेंबरात तिचे चाकही न फिरता कमी झाली असती.

धुराचा वाटा

येथवर घरच्या हिशेबाचे झाले. परंतु ही गाडी रस्त्यावर चालावयाची आहे आणि रस्ता सर्वांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केला. 'भारत स्टेज-४' च्या डिझेल मोटारीस किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा ०.२५ ग्रॅम होती. 'स्टेज-६' ला ती ०.०८ ग्रॅम झाली. सूक्ष्म कणांची मर्यादा ०.०२५ वरून ०.००४५ ग्रॅमवर आली. म्हणजे कागदावरसुद्धा जुनी गाडी नव्या गाडीच्या पाचपटींहून अधिक काजळी सोडू शकते. आणि कागद व रस्ता यांत किती अंतर असू शकते, हे २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणाने दाखविले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचण्यांत तफावत आढळल्यानंतर त्या कंपनीस भारतातील ३ लाख २३ हजार ७०० मोटारी परत बोलावून दुरुस्त करण्याचे जाहीर करावे लागले.

दिल्लीची हवा शुद्ध व्हावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु दिल्लीत नको असलेला धूर ना-हरकत दाखला घेऊन महाराष्ट्रात येतो, तेव्हा देशाचे प्रदूषण कमी होत नाही. त्याचा केवळ पत्ता बदलतो. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात समाविष्ट असलेल्या शहरांपैकी सर्वाधिक, म्हणजे १९, महाराष्ट्रातील आहेत. आमच्या मुलांची फुप्फुसे दिल्लीच्या मुलांच्या फुप्फुसांहून निराळ्या धातूची घडविलेली नाहीत.

काय करावयास हवे

तेव्हा या स्वस्ताईचे खरे स्वरूप असे आहे: सुखाची वर्षे पहिल्या मालकाकडे, करातील सवलत त्याच्याच पदरी, दुरुस्तीची व कायद्याची जोखीम दुसऱ्या मालकाकडे आणि धूर सर्वांकडे. साडेनऊ लाख ही मोटारीची किंमत नव्हे; ती जोखीम स्वीकारण्याचे प्रवेशशुल्क आहे.

सरकारकडून चार गोष्टींची अपेक्षा करणे गैर ठरणार नाही. पहिली, वाहनाचे आयुष्य वयावर न ठरविता प्रत्यक्ष धुराच्या विश्वसनीय चाचणीवर ठरवावे. मात्र मग ती चाचणी गल्लीच्या कोपऱ्यावर मिळणाऱ्या कागदाइतकी स्वस्त असू नये. दुसरी, जे निर्बंध आणावयाचे ते पाच-सात वर्षे आधी जाहीर करावेत आणि मग बदलू नयेत. तिसरी, प्रत्येक प्रदूषण-तपासणीच्या व विमा-नूतनीकरणाच्या वेळी धावलेल्या अंतराची आणि मोठ्या अपघात-दुरुस्तीची नोंद सरकारी 'वाहन' प्रणालीत व्हावी आणि ती ग्राहकास पाहता यावी. अकरलॉफ यांच्या रोगावर माहिती हेच औषध आहे. चौथी, आलिशान मोटारींवरील घसाऱ्यास पूर्वीप्रमाणे किमतीची मर्यादा घालावी. मोटार ज्यास घ्यावयाची त्याने ती अवश्य घ्यावी. लोकांच्या पैशाने घेऊ नये, एवढेच.

ग्राहकानेही काही पथ्ये पाळावीत. वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर महामार्गावर धाव असेल, गावात त्या बनावटीचा जाणकार कारागीर असेल, देखभालीची संपूर्ण नोंद उपलब्ध असेल, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला असेल आणि किमतीच्या किमान चौथा हिस्सा रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येत असेल, तर अशी गाडी घेणे हा वेडेपणा नव्हे. दुसऱ्याने सोसलेल्या घसाऱ्याचा लाभ घेणे यात व्यवहारज्ञानही आहे. परंतु यांतील एखादी अट सुटत असेल तर मोह आवरावा. आणि भविष्य निर्वाह निधी मोडून वा मुलांच्या शिक्षणाची ठेव मोडून ती घ्यावयाची असेल, तर मोह आवरण्यावाचून गत्यंतर नाही. दारी हत्ती झुलावा ही हौस जुनी आहे. पण सरदारांच्या दारी हत्ती झुलत, तेव्हा त्याच्या चाऱ्यासाठी गावे लावून दिलेली असत. आपल्याला लावून दिला आहे तो मासिक पगार.

आमच्या लिपिक-मित्रांनी पुढे काय केले, हे सांगावयाचे राहिले. हिशेब पाहूनही त्यांचे मन पुरते वळले नव्हते. शेवटी आम्ही सुचविले की, एका जाणत्या कारागिराकडे गाडी एक दिवस तपासणीस द्यावी. खर्च आपण सोसावा. विक्रेत्यास हे विचारताच त्याने साफ नकार दिला. "एवढी चौकशी करणारे गिऱ्हाईक नको, उद्या दुसरा घेऊन जाईल," असे तो म्हणाला. सौदा तेथेच मोडला. त्या नकाराने आमच्या सर्व आकडेमोडीहून अधिक काम केले.

ती गाडी त्याच आठवड्यात विकली गेली, असे नंतर कळले. कोणी घेतली हे ठाऊक नाही. बहुधा आपल्यासारख्याच कोणीतरी घेतली असेल. त्याच्याही वडिलांस कधी मागच्या आसनावर बसावयास मिळाले नसेल. त्याने निदान गाळणी आणि गिअरपेटी तपासून घेतली असावी, अशी आशा आहे. कारण जो बाजार बैल दाखविण्यास नकार देतो, त्या बाजारात स्वस्ताई ही सर्वांत महाग वस्तू असते.